क्रोपानीचा बोआ: खरंच दुर्मीळ, की शोधायची रीतच चुकतेय?

अरण्यक
ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यात, रिबेरा नदीच्या खोऱ्यातल्या दमट सखल जंगलात एक बोआ (अजगरासारखा साप) राहतो, कोरॅलस क्रोपानी. बुटांटान या सापांचा अभ्यास करणाऱ्या आणि प्रतिविष बनवणाऱ्या संस्थेतल्या आल्फोन्स रिशार होगे यांनी १९५३ मध्ये मिराकाटूहून आलेल्या नमुन्यावरून त्याचं वर्णन केलं. पुढे हाती लागले ते मोजके नमुने, आणि तेही मेलेले. जिवंत साप शास्त्रज्ञांना पुन्हा मिळाला तो थेट जानेवारी २०१७ मध्ये, सेते बारास भागात. तोही गावकऱ्यांनी न मारता पकडून अभ्यासकांच्या हवाली केला म्हणून. लांबी सुमारे १.७ मीटर, वजन सुमारे दीड किलो.

एवढा मोठा साप ६४ वर्षं शास्त्रज्ञांना जिवंत मिळाला नाही, यावरून 'अतिदुर्मीळ' हा शिक्का लगेच बसतो. माझं मत वेगळं आहे. जंगलात संख्या कमी असणं आणि माणसाच्या नजरेस न पडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या एकत्र कालवतो. ओळख, शोधपद्धती, मागोवा, नमुने जपणं या सगळ्यावर जाणकारांनी नेमकं लिहावं.

तिरफळ
शीर्षक वाचून वाटलं इटालियन पाककृतीचा धागा आहे :)
विषारी आहे का हा?

अरण्यक
@तिरफळ, इटलीशी नातं आहेच. ओत्तोरिनो दि फिओरे, क्रोपानीचे बॅरन, या इटालियन ज्वालामुखीतज्ज्ञांच्या नावावरून होगे यांनी सापाचं नाव ठेवलं. विष अजिबात नाही. भक्ष्याला विळखा घालून मारतो. या प्रजातीतले, म्हणजे कोरॅलस गटातले, सगळे साप अंडी न घालता पिल्लांना जन्म देतात.

नदीकाठ
ओळखीपासून सुरुवात करते, कारण निम्मा घोळ तिथेच होतो.

त्याच राज्यात कोरॅलस हॉर्टुलाना हा झाडावरचा बोआ बऱ्यापैकी आढळतो. त्याच्या रंगाचे इतके प्रकार आहेत की रंगावरून निवाडा करूच नये. खवल्यांच्या रांगा मोजाव्यात. क्रोपानीच्या शरीराच्या मध्यावर पाठीच्या खवल्यांच्या २९ ते ३२ रांगा भरतात, हॉर्टुलानाच्या पन्नाशीच्या आसपास किंवा त्याहून जास्त. म्हणजे क्रोपानीचे खवले डोळ्यांनाच मोठे दिसतात. अख्ख्या कोरॅलस प्रजातीत इतक्या कमी रांगा दुसऱ्या कोणाच्या नाहीत. होगे यांनी त्याला झेनोबोआ अशी स्वतंत्र प्रजाती दिली होती. १९९१ मध्ये क्लुगे यांनी त्याला कोरॅलसमध्ये आणलं.

मोजायचं असं: तुंडापासून (तोंडाच्या टोकापासून) गुदद्वारापर्यंतचं अंतर घ्या, त्याच्या बरोबर निम्म्यावर खूण करा. पोटाच्या रुंद पट्टीला लागून असलेल्या पहिल्या खवल्यापासून तिरकं वर चढत जा, कणा ओलांडा आणि पलीकडच्या पट्टीपाशी थांबा. पोटाची पट्टी मोजायची नाही. दोनदा मोजा, आकडा जुळला नाही तर तिसऱ्यांदा मोजा. हमखास होणारी चूक म्हणजे मध्यबिंदू शेपटीसकट काढणं. तसं केलं की तुम्ही मागे सरकता, आणि शेपटीकडे रांगा कमी होत जातात, त्यामुळे हॉर्टुलानाचाही आकडा फसवा येतो.

रंगाची नोंद पूरक म्हणून ठेवा: पाठ राखट-हिरवट ते ऑलिव्ह, त्यावर गडद शंकरपाळ्यासारखे डाग, पोट पिवळं. मागच्या बाजूला पोटाच्या पट्ट्यांच्या कडा काळसर होत जातात.

सह्यभ्रमर
नदीकाठताईंच्या प्रतिसादाला जोड. ओठांवरच्या उष्णतासंवेदी खाचा जरूर बघा. कोरॅलस बोआंमध्ये त्या दोन खवल्यांच्या मधल्या फटीत असतात. आपल्या अजगराच्या ओठांवरही खाचा असतात, पण त्या खवल्याच्या आत कोरल्यासारख्या. जवळून काढलेल्या एका फोटोवरून बोआ आणि अजगर असे वेगळे करता येतात.

आणि हो, बोआंचे नातलग महाराष्ट्रात आहेत बरं का. मांडूळ आणि डुरक्या घोणस. दोघेही पिल्लांनाच जन्म देतात, मात्र जमिनीत घुसून राहणाऱ्या या दोघांच्या ओठांवर खाचा नसतात.

घाटवाट
अरण्यक, तुमच्या मूळ मताला माझा विरोध आहे. बुटांटानने विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून शेतकऱ्यांना लाकडी पेट्या आणि साप धरायची फासाची काठी दिली. साप रेल्वेने फुकट पोचवले जायचे, बदल्यात प्रतिविष मिळायचं. त्या व्यवस्थेतून जराराका हे तिकडचे विषारी साप हजारोंनी आले. क्रोपानी बोआ मात्र बोटांवर मोजण्याइतके. तेच शेतकरी, त्याच पेट्या, तीच आगगाडी. मग हा साप खरोखरच विरळ आहे, असंच म्हणायला हवं ना?

शिवाय अटलांटिक जंगलाचा मूळ विस्तार पाहता आज फार थोडं शिल्लक आहे, आणि या सापाला लागतो तो सखल भाग. सपाट, पाण्याजवळची जमीन सगळ्यात आधी केळीच्या बागांखाली जाते. डोंगरउतारावरचं जंगल वाचतं, तळातलं संपतं.

अरण्यक
सखल जंगलाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पेट्यांचा नाही.

पेटीत येतो तो शेतात, गोठ्याशी, पायवाटेवर, दिवसा किंवा संध्याकाळी माणसाच्या पायाखाली येणारा साप. जराराका तसाच आहे, उंदरांमागे घरापर्यंत येतो. रात्री हिंडणारा आणि दिवसा फांदीवर नाहीतर बिळात पडून राहणारा साप त्या मोजणीत येणारच कसा?

आता दुसरी बाजू बघा. या सापाची जुनी ठिकाणं कोणती? मिराकाटू, पेद्रो दि तोलेदो, सांतोस. तिन्ही सांतोस ते जुकिया या रेल्वेमार्गावर आहेत. तो नकाशा सापाच्या वावराइतकाच रेल्वे स्थानकांचाही आहे. सेते बारास त्या मार्गापासून दूर आत आहे, आणि शोध घेणारी माणसं तिथे पोचल्यावर साप तिथेही मिळाला.

घाटवाट
रेल्वेचा मुद्दा बिनतोड आहे, मानलं. पण त्यावरून 'विपुल आहे' असंही सिद्ध होत नाही.

पश्चिमवारा
दोघांच्या मधला मार्ग आकड्यांत आहे. साप तिथे असताना एका फेरीत तो दिसण्याची शक्यता 'श' धरा. एखाद्या जागी तो नाहीच, असं ९५ टक्के खात्रीने म्हणायला किती फेऱ्या रिकाम्या जायला हव्यात? ०.०५ चा लॉग भागिले (१ वजा श) चा लॉग.

श ०.१ असेल तर २९ फेऱ्या. ०.०५ असेल तर ५९. ०.०२ असेल तर १४९. बऱ्याच सापांच्या बाबतीत श अगदी लहान निघतो. दहा रात्री फिरून 'आढळला नाही' असं लिहिणाऱ्या अहवालाला म्हणूनच फारसा अर्थ नसतो.

दोन पथ्यं पाळावी लागतात. फेऱ्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात, एकाच रात्री तीच वाट तीनदा चालून तीन फेऱ्या होत नाहीत. आणि प्रत्येक फेरीचे माणशी तास, तापमान, पाऊस आणि चंद्राची कला लिहून ठेवायची. थंड कोरड्या रात्रीचा श आणि पावसानंतरच्या उबदार रात्रीचा श एक नसतो. रिकाम्या फेऱ्या वहीत न लिहिणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण हे गणित रिकाम्या फेऱ्यांवरच उभं आहे.

रातवा_२
शोध नेमका घ्यायचा कसा, ते सांगतो. जमिनीत पुरलेल्या बादल्यांचे सापळे या सापासाठी बाद. त्यात बेडूक, सरडे, बारके साप पडतात. दीड मीटरचा बोआ बादलीतून सहज बाहेर येतो. उरतो रात्रीचा बॅटरीशोध.

झाडावरच्या बोआंचे डोळे उजेडात चमकतात आणि हॉर्टुलाना तर बऱ्याच अंतरावरून असाच सापडतो. चमक उजेड आला त्याच दिशेला परत जाते. म्हणून बॅटरी कमरेशी धरली तर डोळे दिसत नाहीत. ती कपाळावर किंवा गालाशी, स्वतःच्या नजरेच्या रेषेत हवी. झोत अरुंद ठेवायचा, वेग अगदी कमी, आणि फांद्यांचे थर खालून वर एकेक करून पाहायचे. नदीकाठचं झाड होडीतून जास्त चांगलं दिसतं, कारण पाण्याच्या बाजूने पानांची भिंत उघडी असते. पानांवरचे थेंब आणि कोळ्यांचे डोळेही चमकतात. कोळ्याची चमक बारीक टाचणीएवढी असते. बोआची मोठी आणि स्थिर.

नदीकाठ
@रातवा_२, हॉर्टुलानाची पद्धत क्रोपानीला जशीच्या तशी लावताय, तिथे मी थांबेन. क्रोपानीच्या एका नमुन्याच्या पोटात मेटाकायरस प्रजातीच्या ओपोसमचे अवशेष मिळाले होते. तो शिशुधानी प्राणी प्रामुख्याने जमिनीवर वावरतो. म्हणजे हा बोआ जमिनीवर किंवा जमिनीलगत दबा धरत असावा. नुसत्या फांद्या बघत गेलात तर त्याला ओलांडून पुढे जाल.

रातवा_२
योग्य मुद्दा. मग वाट दोघांनी चालायची. पुढचा जमिनीपासून दीड मीटरपर्यंत बघेल: पडके ओंडके, आधारमुळांच्या कपारी, पालापाचोळा. मागचा त्याच्या वरचं बघेल. दोघांच्या नोंदी वेगळ्या ठेवल्या की कुठल्या थरात काय मिळालं तेही कळेल.

तिरफळ
तुम्ही सगळे एका सापासाठी इतकं भांडताय, वाचून फार बरं वाटलं. याच राज्यातलं ते 'सापांचं बेट' ऐकलंय, तिथेही असाच प्रकार आहे का?

सह्यभ्रमर
क्वेमादा ग्रांदे. अवघं ४३ हेक्टर आणि तिथला बोथ्रॉप्स इन्सुलारिस हा विषारी साप जगात दुसरीकडे कुठेही नाही. तिथे प्रश्न उलटा आहे. साप दिसतात भरपूर, पण सगळी जात एका बेटावर. वणवा लागला, रोग आला किंवा तस्करी वाढली तर दुसरीकडे कुठे आधार नाही. त्याच राज्याच्या किनाऱ्याजवळच्या अल्काट्राझेस बेटावर बोथ्रॉप्स अल्काट्राझ आहे, त्याचं वर्णन २००२ मध्ये झालं. तो लहानखुरा राहतो आणि मुख्यतः घोणींवर जगतो. त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही, खरं तर त्याला वेगळा धागा हवा.

स्वरूपा_क
विषय निघालाच आहे तर, बुटांटान आणि आपला नाग यांचा जुना संबंध आहे. फ्रान्समध्ये काल्मेट यांनी आशियातल्या नागाच्या विषावर प्रतिविष केलं, तेव्हा ते सगळ्या सापांना चालेल अशी समजूत होती. बुटांटानचे संस्थापक व्हितल ब्राझील यांनी दाखवून दिलं की जराराका आणि तिकडच्या खुळखुळ्या सापाच्या विषावर ते चालत नाही, ज्या त्या सापाला ज्याचं त्याचं प्रतिविष लागतं. आजही मुंबईच्या हाफकिनचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर असतं. जराराका चावलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही.

आणि त्याच जराराकाच्या विषावर १९६५ मध्ये सर्जिओ फेरेरा यांनी केलेल्या कामातून पुढे कॅप्टोप्रिल हे रक्तदाबाचं औषध आलं.

अरण्यक
दोन्ही सुंदर, पण धागा परत क्रोपानीकडे वळवतो. २०१७ च्या सापाला रेडिओ ट्रान्समीटर बसवून सोडलं होतं. हे कसं करतात, यावर कोणी लिहील का?

वनवैद्य
लिहितो.

वजन: यंत्र शरीराच्या वजनाच्या ५ टक्क्यांच्या आत असावं, हा जुना दंडक. दीड किलोच्या सापाला ती मर्यादा ७५ ग्रॅम होते. प्रत्यक्षात १० ते १५ ग्रॅमचं यंत्र पुरतं, म्हणजे एक टक्का किंवा कमी. ते जितकं हलकं, तितकी बॅटरी लहान. त्यामुळे साप किती महिने ऐकू येणार याचं गणित आधी करायचं आणि बॅटरी संपण्यापूर्वी त्याला पुन्हा धरून यंत्र बदलायचं किंवा काढायचं.

शस्त्रक्रिया: आधी साप उपाशी हवा, पोटात शिकार असेल तर ती पचू द्यायची. भूल आयसोफ्लुरेनची. साप बराच वेळ श्वास रोखून धरू शकतो, म्हणून नुसत्या पेटीत वायू सोडून भागत नाही, श्वासनलिकेत नळी घालून श्वास द्यावा लागतो. चीर शरीराच्या मागच्या तिसऱ्या भागात, कुशीवर, पोटपट्टीपासून थोडी वर आणि खवल्यांच्या मधून द्यायची. खवला कापला तर जखम भरायला वेळ लागतो, आणि चीर पोटपट्टीवर आली तर सरपटताना टाके घासले जातात. यंत्र देहगुहेत ठेवायचं. अँटेनाची बारीक तार कातडीखालून, डोक्याच्या दिशेने, सरळ ओढून घ्यायची. तार दुमडली तर पल्ला घटतो आणि टोक कातडीतून बाहेर येऊ शकतं. मग टाके, काही दिवस उबदार स्वच्छ जागा, प्यायला पाणी. सोडायचा तो पकडला त्याच ठिकाणी. परक्या जागी सोडलेला साप आडवातिडवा भटकतो, आणि आपण त्यालाच त्याची सवय समजून बसतो.

बिघडतं काय? जंतुसंसर्ग, टाके सुटणं. आणखी एक: काही सापांचं शरीर यंत्राला हळूहळू आतड्यात घेतं आणि विष्ठेवाटे बाहेर टाकतं. ऑस्ट्रेलियातल्या अजगरांमध्ये याच्या नोंदी आहेत. तीन आठवडे एकाच जागेवरून संकेत आला तर साप विश्रांती घेतोय असं गृहीत धरू नका, जाऊन बघा.

रातवा_२
शोधाच्या बाजूने भर घालतो. दमट जंगलात ओली पानं संकेत शोषतात आणि दरीत तो समोरच्या उतारावर आपटून भलत्याच दिशेने येतो. तीन वेगवेगळ्या जागांवरून दिशा घ्या, त्याही पंधरा मिनिटांच्या आत. तीन रेषांचा त्रिकोण मोठा निघाला तर ती नोंद टाकून द्या. तापमानाबरोबर यंत्राची वारंवारिता किंचित सरकते, म्हणून ठरलेल्या आकड्याच्या खालीवरही ऐकायचं. साप दिसला की पाच मीटरवर थांबा, जमिनीपासूनची उंची लिहा आणि परत फिरा.

घाटवाट
एका सापावरून सगळ्या जातीबद्दल निष्कर्ष काढू नयेत, एवढंच म्हणेन.

वनवैद्य
@घाटवाट, सहमत. म्हणूनच रस्त्यावर मेलेला प्रत्येक साप मोलाचा. बीआर ११६ हा महामार्ग मिराकाटूवरूनच जातो.

मेलेला नमुना मिळाला तर क्रम चुकवू नका. आधी यकृताचा किंवा स्नायूचा तांदळाएवढा तुकडा ९५ टक्क्यांहून तीव्र अल्कोहोलमध्ये. त्यानंतरच फॉर्मालिन. फॉर्मालिन प्रथिनं आणि डीएनए एकमेकांत जखडून टाकतं, मग जनुकीय काम जवळपास अशक्य होतं. बाजारातल्या फॉर्मालिनचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग, हे मिश्रण शरीरात दर काही सेंटिमीटरवर टोचायचं. पोकळीत नीट पोचलं नाही तर आतून सडतं. नंतर धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये. आणि ऊतींचा तुकडा व शरीर दोन वेगळ्या संस्थांत ठेवा. १५ मे २०१० च्या आगीत बुटांटानच्या संग्रहातले हजारो साप जळाले. ते नुकसान कधीच भरून येणार नाही.

नदीकाठ
आणि गावकऱ्यांना काय सांगायचं? 'साप पकडून आणा' असं मुळीच नाही. जराराका आणि हा बोआ, दोघांच्याही डोळ्याची बाहुली उभी असते, त्यामुळे तो निकष निकामी. जराराकाचे खवले कणेदार आणि डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये प्रत्येक बाजूला एकच मोठी खाच. बोआचे खवले गुळगुळीत आणि खाचा ओठांवर अनेक. पण हे बघायला जितकं जवळ जावं लागतं, तितक्या अंतरावर जराराका चावतो.

म्हणून: दोन मीटर लांब राहा. डोकं वरून, डोकं बाजूने आणि शरीराचा मधला भाग, असे तीन फोटो झूम करून काढा. एकाने नजर ठेवायची, दुसऱ्याने फोन करायचा. धरायचं काम परवाना असलेल्यांचं. २०१७ मध्ये साप वाचला, कारण त्याआधी त्या वस्त्यांमध्ये सापांविषयी माहिती देण्याचं काम झालं होतं. केळीच्या बागेत रोज राबणाऱ्या माणसाइतका वेळ कुठलाच अभ्यासक जंगलात घालवू शकत नाही.

पश्चिमवारा
आणि फोटो जाहीर करताना त्यातली ठिकाणाची माहिती पुसून टाका, गावाचं नाव पुरे. कोरॅलस बोआंना पाळीव सापांच्या बाजारात मोठी मागणी आहे. ही जात सायटिस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असली तरी चोरटा माल परिशिष्ट बघून जात नाही. अचूक आकडे संशोधकांकडेच राहू द्यावेत.

सह्यभ्रमर
मग आता अरण्यक यांच्या मूळ प्रश्नाकडे. मला वाटतं दोघंही अर्धे बरोबर आहात. साप दिसत नाही हे खरं, आणि त्याचा सखल पट्टा आक्रसतोय हेही खरं. कार्लोस बोतेल्यो आणि इंटरवालेससारखी उद्यानं १९९९ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, पण त्यांचा बराच भाग डोंगराळ आहे. पहिली गरज आहे ती उद्यानाबाहेरच्या, केळीच्या बागांमधल्या जंगलपट्ट्यांत रातवा आणि पश्चिमवारा म्हणतात तशा नोंदवलेल्या फेऱ्या करण्याची.

घाटवाट
याला माझी हरकत नाही. १४९ रात्री रिकाम्या गेल्या तर मी पुन्हा माझं मत मांडेन.

अरण्यक
आणि त्यातली एक जरी भरली तर मी माझं. कातींबद्दल कोणी बोललंच नाही. रांगा कातीवरही मोजता येतात ना?

नदीकाठ
येतात. कात ताणली जाते, त्यामुळे लांबी सापापेक्षा जास्त भरते, ती धरू नका. रांगांचा आकडा मात्र तोच राहतो. मधला तुकडा पाठीच्या रेषेवर न फाडता पोटपट्टीच्या कडेने उघडा, उजेडासमोर धरा आणि मोजा. ठेवताना कागदी पाकीट, सोबत सिलिका जेल. प्लास्टिकच्या पिशवीत त्या दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरते आणि डीएनए जातो. पाकिटावर तारीख, जागा आणि जमिनीपासूनची उंची पेन्सिलने लिहा, शाई अल्कोहोलने पुसली जाते. तीसच्या आसपास रांगा भरल्या तर पाकीट बंद करून सरळ बुटांटान किंवा साओ पाउलो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयाकडे.

अरण्यक
उंचीची नोंद कोणी करत नाही, ती सुचवलीत हे फार बरं केलंत. जमिनीवरचा की झाडावरचा, हा तुमचा आणि रातवांचा वाद दहा-बारा कातींतच बराचसा मिटेल.